पत्त्यांत चार का नाही? अंदाजाच्या आकड्यांचा इतिहास, सोलापूरच्या खळ्यावरून

१/
१, २, ३, ५, ८, १३, २०, ४०, १००. सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या असंख्य मराठी तरुणांच्या हाती हे आकडे छापलेले पत्ते वरचेवर येतात. सोलापुरातून पुण्याला नोकरीसाठी गेलेले तरुणही त्यांत पुष्कळ. हाती घ्यावयाचे काम केवढे आहे, याचा अंदाज बांधण्यासाठी हे पत्ते असतात. ते प्रथमच पाहणाऱ्याला साहजिक प्रश्न पडतो: यांत चार का नाही? सहा आणि सात कुठे गेले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्राकृत छंदशास्त्र, भास्कराचार्यांची ‘लीलावती’, शेतकऱ्याचे खळे आणि सोलापूर जिल्ह्यातील दुष्काळी कामे अशा चार ठिकाणी थांबावे लागते.

२/
आधी पत्त्यांची रीत. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ‘अजाइल’ कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. पुढच्याच वर्षी जेम्स ग्रेनिंग यांनी ‘प्लॅनिंग पोकर’ ही पद्धत मांडली. टीममधील प्रत्येकाने मनाशी अंदाज करून एक पत्ता पालथा ठेवायचा, सर्वांनी तो एकदमच उलटायचा; ज्याचा आकडा सर्वांत मोठा व ज्याचा सर्वांत लहान, त्या दोघांनी आपापली कारणे सांगायची आणि मग पुन्हा पत्ते टाकायचे. ज्येष्ठाचा आकडा आधी कळला तर कनिष्ठ त्याच्याच आसपास घुटमळतो, म्हणून ही गुप्तता. २००५ मध्ये माइक कोहन यांचे नियोजनावरील पुस्तक आले आणि आजचा आकड्यांचा क्रम त्यामुळे सर्वत्र रूढ झाला.

३/
हे आकडे दिवस किंवा तास सांगत नाहीत. ते फक्त तुलना सांगतात: हे काम त्या कामाच्या मानाने केवढे? आणि तुलना करताना माणसाची नजर एका ठरावीक रीतीने चालते. एक शेर आणि दोन शेर यांतला फरक हाताला तत्काळ कळतो. वीस शेर आणि एकवीस शेर यांतला कळत नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात वजनांवर प्रयोग करून हेच दाखवले. ओळखू येणारा फरक हा मूळ वजनाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणून पत्त्यांतील पायऱ्याही वाढत जातात. प्रत्येक आकडा मागच्याच्या साधारण दीडपटीहून थोडा अधिक. मूळ क्रमात तेरानंतर एकवीस येतात. पण एकवीस म्हटले की फार बारकाईने मोजल्याचा भास होतो, म्हणून कोहन यांनी तिथे वीस घातले. ‘चार का नाही’ याचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

४/
मूळ क्रमाला जग ‘फिबोनाची’ म्हणते. इटलीतील पिसा येथील लिओनार्दोने १२०२ च्या ‘लिबेर अबाची’ या ग्रंथात सशांच्या वाढीचे कोडे घातले, त्यातून हा क्रम युरोपात ठाऊक झाला. आणि त्याला फिबोनाचीचे नाव दिले ते एकोणिसाव्या शतकात, एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने. भारतात मात्र हे आकडे त्याच्या कितीतरी आधी मोजले गेले होते, आणि मोजणारे होते छंदशास्त्रकार. विरहांक (सुमारे सहावे ते आठवे शतक), गोपाल (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) आणि हेमचंद्र (सुमारे ११५०) ही त्यांतील ठळक नावे. विरहांकाचा ‘वृत्तजातिसमुच्चय’ हा ग्रंथ प्राकृतात आहे. ज्या महाराष्ट्री प्राकृतातून मराठी उमलली, तिच्यातील गाथा मात्रांवरच तोलल्या जात.

५/
त्यांचा प्रश्न असा होता. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? ओळीचे शेवटचे अक्षर लघु असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली ओळ हवी. गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज केली की पुढची संख्या मिळते. एका मात्रेचा १ प्रकार, दोन मात्रांचे २, तिनांचे ३, चारांचे ५, पाचांचे ८, सहांचे १३. आज नियोजनाच्या पत्त्यावर छापलेला ‘१३’ हा मुळात सहा मात्रांच्या गणाच्या सर्व रूपांचा आकडा आहे.

६/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विरहांक किंवा हेमचंद्र अंदाज करत नव्हते. ते काटेकोर मोजणी करत होते. सहा मात्रांचे प्रकार तेराच असतात, बारा नव्हेत वा चौदा नव्हेत. ‘आजची अजाइल पद्धत आमच्या पूर्वजांनीच शोधली’ असा निष्कर्ष यातून काढणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. पत्त्यांवर आकडे छंदशास्त्राचे आले, पण त्यांचा उपयोग अगदी वेगळ्या कारणासाठी झाला. अंदाजाची परंपरा शोधायची असेल तर कवींची बैठक सोडून शेतकऱ्याच्या खळ्यावर जावे लागते.

७/
सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाते. मळणी झाली, धान्य उफणले, की खळ्यावर रास पडते. मापे हाती येण्याआधीच मालक, सावकार आणि सारा वसूल करणारा अंमलदार यांची नजर त्या राशीवर असते. किती असेल? हा प्रश्न इतका व्यावहारिक होता की भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे: राशिव्यवहार. भास्कराचार्यांच्या घराण्याची खूण महाराष्ट्रातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

८/
लीलावतीतील रीत अशी. दोरीने राशीचा घेर मोजावा. जाड धान्य असेल तर घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा भाग आणि कुसळ असलेले असेल तर नववा भाग ही राशीची उंची समजावी. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे. घेर ६० हात असेल तर जाड धान्याची रास ६०० घनहात भरते, बारीक धान्याची सुमारे ५४५, कुसळाच्या धान्याची सुमारे ६६७. खरबरीत, कुसळाचे दाणे एकमेकांना धरून राहतात, म्हणून रास उंच होते. बारीक, गुळगुळीत दाणे ओघळतात, म्हणून ती पसरते. ९, १०, ११ या तीन आकड्यांत शेतकऱ्याच्या नजरेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठला आहे.

९/
या सूत्रात एक नवल दडलेले आहे. शंकूच्या घनफळाच्या गणितात वर्तुळाचा घेर आणि व्यास यांचे गुणोत्तर लागते. भास्कराचार्यांना ते उत्तम ठाऊक होते. याच ग्रंथात त्यांनी ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान आणि २२/७ हे स्थूल मान दिले आहे. पण धान्याच्या राशीसाठी ‘घेराचा सहावा भाग’ घ्यायचा म्हणजे ते गुणोत्तर चक्क ३ धरणे होय. त्यामुळे उत्तर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जास्त येते. दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत अचूक मान हाताशी असताना या गणितात तीन का चालावेत?

१०/
उत्तर राशीतच आहे. धान्य जाड समजायचे की बारीक, एवढ्या एका निर्णयाने घनफळ ६०० चे ५४५ होते. कुसळाचे आणि बारीक धान्य यांच्या उत्तरांत तर वीस टक्क्यांहून अधिक अंतर पडते. जेथे उंचीच नजरेने ठरते, तेथे गुणोत्तर चार स्थळांपर्यंत अचूक घेऊन काही साधत नाही. हिशोबाचा बारीकपणा माहितीच्या बारीकपणाहून अधिक असू नये, हे तत्त्व त्या ‘तीन’मध्ये आहे. एकवीसऐवजी वीस छापणाऱ्याचा आणि राशीसाठी तीन धरणाऱ्याचा विवेक एकाच जातीचा आहे. ‘चार का नाही’ याचे उरलेले अर्धे उत्तर ते हे. जेवढे कळत नाही, तेवढे आकड्यानेही कळल्याचे सोंग आणू नये.

११/
रास मोजायला घेतली की मापे येतात, आणि मराठी मुलुखातील जुनी मापेही वाढत्या पायऱ्यांचीच. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडिसरी, दोन अडिसऱ्यांची पायली. निळव्याच्या हिशोबात हा क्रम १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असा होतो. ही सात मापे प्रत्येकी फार तर एकदाच वापरून १ पासून १२७ निळव्यांपर्यंत कोणतेही प्रमाण मोजता येते. पायलीच्या वर मण, कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळांचा, आणि वीस मणांची खंडी.

१२/
घरातल्या पिठासाठी चिपटे-मापटे लागते. शेतातल्या राशीविषयी बोलताना मात्र कोणी निळवे-कोळवे काढत नाही, ‘पाच-सहा खंडी होईल’ असेच म्हणतो. वस्तू जितकी मोठी, तितके बोलण्याचे माप मोठे. नाण्यांचीही तीच चाल होती: आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, सोळा आण्यांचा रुपया. ‘सोळा आणे खरे’ म्हणताना आपण याच दुपटीच्या क्रमाच्या शेवटच्या पायरीवर उभे असतो.

१३/
या सोळा आण्यांतूनच पिकाच्या अंदाजाची अधिकृत भाषा तयार झाली: आणेवारी. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. यंदाचे पीक आठ आणे, सहा आणे की चार? ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात या आकड्यावर शेतसाऱ्याची सूट किंवा तहकुबी ठरे. येथे अंदाजाचे स्वरूप बदलले. खळ्यावरच्या अंदाजात चूक झाली तर मापे घालताच ती उघडी पडे. आणेवारीत चूक झाली तर सारा भरण्यासाठी बैल विकावा लागे.

१४/
याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे १९१८ चा खेडा सत्याग्रह. गुजरातचा तो जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पीक चार आण्यांहून कमी आले असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. अंमलदार म्हणत होते, वर आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्याच्या मुळाशी एका पायरीवरचा मतभेद होता: नजरेने केलेला अंदाज कोणाच्या नजरेचा मानायचा?

१५/
दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रात आजही आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. पीक कापणीचे प्रयोग होतात. पुष्कळ वर्षे ५० पैसे ही रेषा टंचाईच्या सवलतींची मर्यादा राहिली. सोलापूरसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात त्या रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, यावर गावाचे वर्ष अवलंबून असे. पण सोळा पायऱ्यांच्या जागी शंभर पायऱ्या आल्या म्हणून नजर सहापट तीक्ष्ण होत नाही. ४९ आणि ५१ यांतला फरक कागदावर स्पष्ट दिसतो, शिवारात उभे राहून तो कोणालाच दिसत नाही.

१६/
अंदाजाचा आकडा माणसाच्या भाकरीशी जोडला गेला, तो प्रसंग याहून जुना आहे. १८७६ मध्ये पावसाने दगा दिला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. सोलापूर हा पीडित जिल्ह्यांपैकी एक. सरकारने खोदकामे, रस्ते, तलाव सुरू केले. सोलापूर जिल्ह्यातील आष्टी तलाव हे त्या काळातले दुष्काळी काम. प्रारंभी पुरुषाला दिवसाला दोन आणे, बाईला दीड आणा, मुलाला एक आणा अशी मजुरी होती. पुढे भाव भडकल्यावर ती धान्याच्या किमतीशी बांधली गेली: पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा.

१७/
जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर होते. खर्च आवरावा, या धोरणाने मुलकी खात्याच्या कामांवरील मजुरी घटवण्यात आली: पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि अर्धा आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एवढे पुरते, हाही एक अंदाजच होता. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याला उघड विरोध केला. पण तो अंदाज आज्ञा म्हणून लागू झाला, आणि खोदणाऱ्याला त्याविषयी कोणी विचारले नाही.

१८/
उत्तर मजुरांनी दिले. दख्खनच्या कामांवरून हजारो लोक उठून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी आणि न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या काळात, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून या मजुरीविरुद्ध सरकारकडे लेखी दाद मागितली. एका आकड्याला दुसऱ्या आकड्यांनी दिलेले ते उत्तर होते: कामावर प्रत्यक्ष असलेल्यांचा अनुभव मोजून, लिहून पुढे ठेवलेला.

१९/
१८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, १८८३ मध्ये दुष्काळ-संहितेचा मसुदा. रोजचे काम घनमापात ठरवायचे आणि ते कमी भरले तर मजुरी कापायची, ही पद्धत कागदावर पक्की झाली. तिची मर्यादा सोलापुरात ठसठशीतपणे दिसली. हे विणकरांचे शहर. दुष्काळात कापडाला गिऱ्हाईक उरत नाही, म्हणून विणकरही उपाशी. पण हातमागावर बसणाऱ्याला खडी फोडायला पाठवले तर तेवढेच घनफूट त्याच्यासाठी दुप्पट मोठे काम होते, आणि ज्या बोटांवर त्याचा धंदा चालतो ती बोटेच निकामी होतात. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सोलापूर व नगरच्या विणकरांना साजेसे साहाय्य मिळावे अशी योजना स्थानिक मंडळींच्या विचाराने पुढे केली. मुंबई सरकारकडून तिला प्रतिसाद मिळाला नाही.

२०/
सोलापूरच्या त्या विणकराचा प्रश्न आजच्या पत्त्यांशी थेट जोडलेला आहे. अजाइल पद्धतीचा मूळ नियमच असा की आकार हा करणाऱ्याच्या संदर्भात असतो. एका टीमचे ‘पाच’ दुसऱ्या टीमचे ‘पाच’ नव्हेत. तरीही अनेक ठिकाणी हेच गुण जोडून टीमांची तुलना होते, माणसागणिक बेरीज मांडली जाते, पगारवाढीच्या वेळी ती पुढे केली जाते. मग पत्ता टाकणारा ‘तीन’च्या जागी ‘आठ’ टाकू लागतो आणि अंदाज या शब्दालाच अर्थ उरत नाही. ‘स्टोरी पॉइंट’च्या जन्माशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या रॉन जेफ्रीज यांनीही पुढे या गैरवापराबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला.

२१/
दुष्काळी मजूर आणि संगणकापुढचा अभियंता यांच्या वाट्याला आलेली संकटे सारखी नाहीत. तशी बरोबरी करणे त्या उपाशी माणसांवर अन्यायाचे होईल. सारखी आहे ती आकड्याची वाट. आपल्याला नेमके ठाऊक नाही, हे मान्य करून काम करणारे एकत्र बसतात आणि आकडा ठरवतात, तेव्हा तो त्यांचे साधन असतो: राशीभोवती दोरी धरणाऱ्यांचे, पायली भरणाऱ्यांचे, पत्ते उलटणाऱ्यांचे. तोच आकडा वरून येतो आणि चुकीची किंमत खालच्याने भरायची असे ठरते, तेव्हा चार आणे आणि पाच आणे यांच्यामधली रेघ एखाद्या घराचे वर्ष बुडवू शकते.

२२/
म्हणून पुढच्या वेळी हातात १, २, ३, ५, ८ चे पत्ते आले, तर मधल्या रिकाम्या जागांकडेही पाहावे. तिथे चार नाही, सहा नाही, सात नाही. कारण तिथपर्यंत नजर पोहोचत नाही, असे त्या क्रमाने आधीच कबूल केले आहे. सूक्ष्म मान हाताशी असूनही राशीसाठी तीन धरणाऱ्या भास्कराचार्यांना ही कबुली नवी वाटली नसती.

(समाप्त)